काठ धरणारा

गेली चार वर्षं दर श्रावणात दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन येतो. "तात्या, नदीवरच्या आठवणी लिहून द्या. गिऱ्हाइकांच्या गमती लिहा, लोकांना आवडतात." दर वर्षी मी काहीतरी कारण सांगत आलो. एकदा डोळ्याचं ऑपरेशन सांगितलं, ते खरं होतं. एकदा नातीचं लग्न सांगितलं, तेही खरं होतं, पण लग्न दोन दिवसांचं आणि टाळाटाळ वर्षभराची. गमती माझ्याकडं पुष्कळ आहेत. पण कुठलीही गंमत सांगायला लागलो की तिच्यात चंदर येतो. चंदर म्हणजे माझा नदीवरचा जोडीदार, आमच्या गावाच्या वरच्या अंगाच्या कातकरी वाडीवरचा. तो आला की लोक विचारतात, "मग त्याचं पुढं काय झालं?" आणि मला खोटं बोलावं लागतं. तोंडी खोटं बोलायची मला सवय झाली आहे. लिहून खोटं बोलायचं धाडस होईना, म्हणून लिहिलंच नाही.

यंदा लिहितो आहे. आधी धंदा सांगतो, कारण तो कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

माझं काम लोकांना नदीत उभं करायचं आणि संध्याकाळी धडधाकट बाहेर काढायचं. कासार आंबोलीला एका बंगल्यावर मी राखणीला होतो. मालकांना गळ टाकायचा नाद. त्यांना नदीवर नेता नेता त्यांचे मित्र यायला लागले, मग मित्रांचे मित्र, आणि शनिवार-रविवार मला बंगला राखायला वेळ उरेना. मालकांनीच एक दिवस हसत सांगितलं, "तात्या, तुम्ही आता आमचे राहिला नाहीत, नदीचे झालात." त्यानंतर वीस-बावीस वर्षं मी हेच केलं. पावसाळा ओसरल्यापासून थंडी पडेपर्यंत, आणि पुन्हा उन्हाळ्यात.

काठावर बसून गळ टाकणाऱ्यांना माझी गरज नसे. ज्यांना मांडीएवढ्या वाहत्या पाण्यात उभं राहून खडस धरायचा असे, ते माझ्याकडं यायचे. खडस म्हणजे महाशीर, मोठ्या ताकदीचा मासा. तो धरायचा, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा, ही पुण्याच्या लोकांची रीत. चंदरला ती कधीच पटली नाही. "सोडायचाच हाय तर धरायचा कशाला? त्येलाबी तरास, आपल्यालाबी तरास," असं तो दर खेपेला म्हणायचा.

नव्या माणसाला नदीत चालायला मी आधी कोरड्या वाळूत शिकवायचो. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. बोटांनी पुढचा दगड चाचपायचा, तो हलत नाही अशी खात्री झाली की मगच अंगाचा भार त्यावर टाकायचा. प्रवाहाला छाती द्यायची नाही, कूस द्यायची, म्हणजे पाण्याला ढकलायला जागा कमी मिळते. हातात खांद्याएवढी बांबूची काठी, ती पाणी येतं त्या बाजूला टेकवायची. एका वेळी एकच हलवायचं, काठी तरी नाहीतर एक पाय. मांडीच्या वर पाणी आलं की थांबायचं, मग समोर सोन्याचा मासा का उडी मारेना. आणि पडलात तर लगेच उभं राहायची धडपड करायची नाही. पाय दगडांत अडकला की मागचं पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं. कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा माणूस जातो तो असा. पाठीवर पडायचं, पाय पुढं करायचे, हातातलं सगळं सोडायचं आणि तिरकं तिरकं काठाकडं सरकायचं.

आमच्या नदीचा तळ काळ्या खडकाचा. त्यात रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्यात गोटे गरागरा फिरून खडकाला रांजणासारखी भोकं पडतात, काही गुडघाभर, काही पुरुषभर खोल. वरून पाणी सपाट दिसतं. काठीशिवाय तिथं पाऊल टाकणं म्हणजे अंधारात जिना उतरणं.

एक साहेब परदेशातून आणलेली, छातीपर्यंतची रबरी विजार घालून आले. मी म्हटलं, "कमरेला पट्टा घट्ट बांधा, पडलात तर आत पाणी भरेल." ते म्हणाले, "तात्या, मी नॉर्वेत मासे धरलेत." तिसऱ्या पावलाला खळग्यात गेले. आम्ही ओढून काढलं तेव्हा विजारीत इतकं पाणी होतं की त्यांना आडवं करून पाय वर धरावे लागले. पाण्याबरोबर एक चिंबोरी बाहेर पडली. चंदर ती उचलून निरखून म्हणाला, "सायेब, ही नॉर्वेची हाय का हितली?"

दुसरा एक हिंजवडीच्या कंपनीतला तरुण. मांडीभर पाण्यात उभा राहून फोनवर सांगत होता, "सर, मी हॉस्पिटलमध्ये आहे, मागं एसीचा आवाज येतोय." चंदर काठावरून ओरडला, "तात्या, त्यो पेशंट भाईर काडा, न्हाईतर खराच ॲडमिट व्हईल!" हे बहुधा पलीकडच्या सरांनीही ऐकलं असावं, कारण तो पोरगा पुन्हा कधी रजा घेऊन आला नाही.

चंदर माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा होता. तरी आम्ही सगळे त्याला चंदऱ्या म्हणायचो आणि तो मला तात्या म्हणायचा. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मनातही आलं नाही.

आमची गाठ पडली ती अशी. धंदा नवा होता. दोन गिऱ्हाइकांना घेऊन मी पाण्यात उभा होतो. काठावरून एक काळासावळा, किडकिडीत माणूस चालला होता. तो थांबला आणि ओरडला, "काठ कुनी धरलाय?"

मला कळेना. म्हटलं, "काठ कशाला धरायचा? आम्ही तिघं आहोत की."

"तिघं पान्यात हायसा. काठावं कोन हाय?"

कोणी नाही म्हटल्यावर तो एका दगडावर बसला आणि आम्ही बाहेर येईपर्यंत, दोन-अडीच तास, बसूनच राहिला. नंतर त्यानं समजावून सांगितलं. त्यांची माणसं मासे-खेकडे धरायला नदीत उतरतात तेव्हा एक जण काठ धरतो. तो मासे धरत नाही, जाळ्याला हात लावत नाही, बोलत नाही. वरच्या अंगाला नजर ठेवून बसतो. घाटमाथ्यावर पाऊस झाला की आमच्याकडं लख्ख ऊन असतानाही नदीला लोंढा येतो, आणि पाण्यातल्या माणसाचं लक्ष पाण्याखाली असतं, त्याला तो दिसत नाही. काठ धरणाऱ्याला वाटा मात्र सगळ्यांबरोबरीचा. त्याची हाक आली की कसलाही मासा लागलेला असो, निघायचं. आणि काठ धरणाऱ्यानं हाक दिल्याशिवाय आणि सगळे बाहेर आल्याशिवाय काठ सोडायचा नाही.

पुढच्या शनिवारी मी त्याला बोलावलं, आणि पुढची अकरा वर्षं त्यानं माझ्या गिऱ्हाइकांचा काठ धरला.

तो कसा बसायचा ते अजून डोळ्यांपुढं आहे. पाण्याच्या कडेचा एक अर्धा ओला, अर्धा कोरडा दगड हेरायचा. ओल वर चढली का म्हणून दर थोड्या वेळानं त्याच्याकडं बघायचं, मग पाण्याच्या रंगाकडं, मग वरून काही पाला, काड्या, फेस येतोय का त्याकडं. कानावर बिडी ठेवलेली, पण पेटवायची नाही. मी विचारलं तर म्हणाला, "पेटवायला मान खाली घालाया लागती." एकदा स्वच्छ उन्हात त्यानं हाक दिली. गिऱ्हाईक वैतागलं, कुरकुरत बाहेर आलं. आमची पादत्राणं घालून होतात न होतात तोच पाणी चहासारखं झालं आणि आम्ही उभे होतो तो खडक बुडाला. त्या गिऱ्हाइकानं कौतुकानं त्याचा फोटो काढला. चंदर कॅमेऱ्याकडं बघेना, दगडाकडंच बघत राहिला.

तो पीत होता का? पीत होता. मी त्याला देव करायला बसलेलो नाही. लग्नाकार्यात, सणाला घ्यायचा, आणि जास्त झाली की गाणी म्हणायचा. पण काठ धरायच्या दिवशी नाही, आणि आदल्या रात्रीही नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. हे मला माहीत होतं. माझ्याइतकं नक्की कोणालाच माहीत नव्हतं.

आता तो दिवस.

दसरा होऊन गेला होता. परतीच्या पावसाचे दिवस. सकाळी आभाळ निवळ होतं, दुपारी घाटाकडं ढग चढले. गिऱ्हाईक एकच, जुनं, मुरलेलं. त्यांचं नाव लिहीत नाही, चूक त्यांची नव्हती. आठ वर्षं ते मोठा खडस लागायची वाट बघत होते. त्या दिवशी तीनच्या सुमाराला तो लागला.

मासा इतका जोरात ओढत होता की साहेबांचा पाय शेवाळावरून सरकायला लागला. मी मागून त्यांचा पट्टा धरून उभा राहिलो. दमलेला मासा उचलून घ्यायची हातजाळी काठावर राहिली होती, चंदरजवळ. जाळी माझ्या खांद्याला असायला हवी होती. ती पहिली चूक, आणि ती माझीच.

मी ओरडलो, "चंदऱ्या, जाळी घेऊन ये!"

"तात्या, काठ हाय माज्याकडं."

"अरे दोन मिनिटांचं काम. मासा जाईल!"

"तुमी या न्यायला. मी न्हाई यायचा."

साहेब म्हणाले, "तात्या, मला सोडू नका, पडेन मी."

मला राग आला. माशाचा नव्हे, गिऱ्हाइकासमोर त्यानं मला नाही म्हटलं याचा. मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "दगडाला पाय फुटणार हायेत काय? बसून बसून माजलास तू. येतोस का, का उद्यापासून दुसरा बघू?"

तो उठला. एकदा वर नदीकडं बघितलं. मग जाळी आणि काठी घेऊन पाण्यात आला.

पुढची चार-पाच मिनिटं आमच्या तिघांच्याही माना खाली होत्या. मासा जाळीत आला. सोनेरी, हातभर लांब. साहेब लहान मुलासारखे हसत होते, मीही हसत होतो. चंदर एकटा हसला नाही. तो म्हणाला, "पानी गार झालं."

मी वर बघितलं. वरच्या वळणावर पाणी तपकिरी झालं होतं आणि त्यावर पाला नाचत होता. काठ पंधरा-वीस पावलांवर. चंदरनं जाळी सोडून दिली, मासा गेला. "सायेब मदी, तात्या मागं, मला धरा," एवढंच बोलला. जाणत्या माणसानं वरच्या बाजूला उभं राहून पाणी अंगावर घ्यायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या आडोशानं सरकायचं, ही आमची शिकवण. साहेबांनी त्याचा हात धरला, मी साहेबांचा पट्टा. आम्ही तिरके तिरके काठाकडं निघालो. पाणी मांडीला होतं ते कमरेला आलं, मग बरगड्यांना. निम्म्याहून जास्त अंतर कापलं होतं. तेवढ्यात चंदरची काठी रांजणखळग्यात गेली आणि तिच्यामागं तो.

साहेबांच्या हातात त्याचा हात होता. त्यानं तो धरून ठेवला असता तर आम्ही दोघंही त्याच्यामागं गेलो असतो. त्यानं हात सोडला. सुटला नाही, सोडला. बोटं उघडताना मी बघितली.

पाण्याच्या रेट्यानं आम्ही दोघं काठाच्या उंबराला लागलो. मुळ्या धरून वर आलो. चंदर पाठीवर पडला होता, पाय पुढं केलेले, जसं शिकवतो तसंच. वळणापाशी त्यानं एकदा काठाकडं हात मारला. वळणापलीकडं मोठा डोह आहे. तिसऱ्या दिवशी तो खालच्या बंधाऱ्याला सापडला.

तासाभरात गावची माणसं जमली. पोलीस पाटील आले. ते माझ्या वडिलांच्या ओळखीचे, मला लहानपणापासून बघितलेले. त्यांनी विचारलं, "कसं झालं रे?"

मला त्या क्षणी दिसलं की खरं सांगितलं तर माझं काय होईल. जो माणूस वीस जणांना सांगतो की काठ कधी सोडायचा नाही, त्यानंच काठ सोडायला लावला. पुन्हा कोण येणार माझ्याकडं? मी म्हणालो, "प्यायला होता. मी ओरडत होतो, ऐकलं नाही. काठ सोडून उतरला पाण्यात."

पाटलांनी नुसती मान हलवली. "ह्या लोकांचं असंच हाय," असं म्हणाले. पुढं पोलीस आले, त्यांनाही मी तेच सांगितलं. कुठून प्यायला, कधी प्यायला, तू त्याला बरोबर का ठेवलंस, एकानंही विचारलं नाही. साहेब टॉवेल गुंडाळून शेजारी कुडकुडत उभे होते. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. ते परत कधी आले नाहीत, फोनही केला नाही.

मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची. घाबरलेला माणूस खोटं बोलतो, हे मी समजू शकतो. पण मी घाबरून काहीतरी बरळलो नव्हतो. कातकऱ्याबद्दल कोणतं खोटं बोललं की पुरावा लागत नाही, हे मला नेमकं माहीत होतं आणि मी तेच निवडलं. आभाळ फाटलं म्हणालो असतो, मासा लागला म्हणालो असतो, तर चार प्रश्न आले असते. दारू म्हटलं आणि सगळ्यांचं समाधान झालं.

पुढच्याच महिन्यात मी पुन्हा गिऱ्हाईक घेऊन नदीवर गेलो. काठाला दुसरा माणूस ठेवला. आणि याहून वाईट आहे ते सांगतो. वाळूत शिकवणी देताना मी चंदरची गोष्ट सांगायला लागलो. "आमचा एक माणूस पिऊन काठ सोडून उतरला, तर बघा काय झालं." शहरातली माणसं गंभीर होऊन ऐकायची. बियरच्या बाटल्या मुकाट्यानं गाडीत परत जायच्या. कोणी कोणी मला म्हणायचं, "तात्या, तुम्ही किती शिस्तीचे." मी ते ऐकून घ्यायचो. सात-आठ वर्षं, दर शनिवार-रविवार, मी त्याला पुन्हा पुन्हा दारू पाजली.

चंदरच्या बायकोचं नाव हौसा. तो गेला त्यानंतर दिवाळी झाल्यावर वाडीवरची माणसं वीटभट्टीवर निघाली. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्या अंगणात येऊन बसली. बरोबर मुलगी, मंगल. माझ्या बायकोनं चहा दिला. चहा तसाच ठेवून हौसा म्हणाली, "तात्या, येक इचारू? राग मानू नका."

"विचार की."

"घरनं निगाला तवा घेतली नव्हती त्येनं. मी सोता भाकर बांदून दिली. तोंडाला वास नव्हता. तुमच्यासंगं दिसभर व्हता. मंग कुटं घेतली?"

ती माझ्यावर संशय घेत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि ज्याला कळतं त्याच्याकडं ती विचारायला आली होती. त्या वेळी तिथं आम्ही चौघंच होतो. ना पाटील, ना पोलीस, ना गिऱ्हाईक. खरं सांगायला याहून सोपी वेळ मला कोणी दिली नसती.

मी म्हणालो, "वाटेत घेतली असंल."

तिनं चहाचा कप जवळ ओढला. मग म्हणाली, "व्हय. असंल." चहा प्यायली, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेली.

वाडीवर याचा काय अर्थ झाला हे मला पुष्कळ उशिरा कळलं. माझ्या गावाला चंदर दारुडा ठरला, एवढंच. वाडीवर दारूचं कोणाला फारसं वाटलं नाही. त्यानं काठ सोडला, हे लागलं. त्यांच्यात त्याला क्षमा नाही. वाडीवरची माणसं नदीवर निघाली की चंदरच्या घरचं कोणी काठ धरायला घेईनात. त्याच्या भावालाही नाही. कोणी बोलून दाखवलं नाही, नुसतं हाक मारणं बंद केलं.

गुडघे दुखायला लागल्यावर मी नदी सोडली. मग वेळच वेळ. दोन वर्षांपूर्वी कळलं की हौसा फार आजारी आहे. मी केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन वाडीवर गेलो. चढण चढताना काय बोलायचं ते पाठ करत होतो. ती घराबाहेर गोधडीवर बसली होती. तिला दिसायला कमी झालं होतं, पण आवाजावरून ओळखलं.

"तात्या व्हय? या, बसा. तुमी आला ते लई बरं झालं. तुमालाच सांगायचं व्हतं."

"काय गं?"

"मी त्येला माफ केलं."

"कोणाला?"

"ह्यांला. मंगलच्या बापाला. पोरीची आन घेतली व्हती त्येनं माज्याम्होरं, नदीवं जायच्या दिशी दारू शिवायची न्हाई म्हून. आन मोडली आन् गेला, ह्येच डोक्यात. लई वर्सं राग धरला बगा. कुनी नाव काडलं तर उटून जायची मी. पोरीलाबी बापाचं कायी सांगितलं न्हाई. आता म्हनलं, जायाच्या टायमाला कशाला संगं न्यायचं. सोडला राग. माफ केलं त्येला. तुमी त्येच्या शेवटाला व्हता, म्हून तुमास्नी सांगितलं."

मी तोंड उघडलं. "हौसा..."

"काय वो?"

"औषधं घेतेस ना वेळेवर?"

"घेती की. मंगल देती."

आणखी थोडा वेळ बसलो. पावसाचं बोललो. उतरताना मनाशी म्हणत होतो की बरंच झालं, तिला शांतता मिळाली आहे, आता ती कशाला मोडायची. हे मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खरं नाही. तिची शांतता मोडेल म्हणून मी गप्प राहिलो नाही. ती माझ्याकडं कशी बघेल, त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी, याची मला भीती वाटली. आषाढात ती गेली. मी मातीला गेलो, सगळ्यांच्या मागं उभा राहिलो.

मंगल आता उरवड्याला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. हे छापायचं ठरल्यावर तिच्या सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, पूर्ण. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. माझं बोलून झालं तेव्हा सगळी भाजी निवडून झाली होती आणि ती रिकाम्या ताटलीत बोटं फिरवत होती.

मी म्हणालो, "मला माफ कर."

"माज्याकडं कशाला मागताय? ती माजी न्हाई." मग म्हणाली, "माज्या आयला सांगायचं व्हतं."

मी लेखात नावं बदलू का असं विचारलं. "न्हाई," म्हणाली, "त्येचं नाव हाय तसंच लिवा." ताटली उचलून ती आत गेली आणि बाहेर आली नाही. मी उठलो.

आईला सांगायचं होतं ते आता इथं लिहितो. दुसरी जागा मी ठेवलेली नाही.

हौसा, चंदर त्या दिवशी प्यायला नव्हता. वाटेतही नाही, कुठंच नाही. मुलीची आण त्यानं मोडली नाही. काठ सोडायला तो तयार नव्हता. मी त्याला गिऱ्हाइकादेखत घालून पाडून बोललो, काम काढून घेईन म्हणालो, म्हणून तो पाण्यात आला. आम्ही दोघं जगावं म्हणून त्यानं हात सोडला. आणि माझा धंदा जगावा म्हणून मी त्याला दारुडा केला. तू माझ्या अंगणात येऊन विचारलंस तेव्हा पुन्हा केला. इतकी वर्षं तू राग धरलास तो चुकीच्या माणसावर, आणि शेवटी माफ केलंस तेही अशा माणसाला, ज्यानं काही केलंच नव्हतं. माफी मला मागायची होती. ती मागायलाच मी वाडीवर आलो होतो, आणि तुला औषधांचं विचारून परत गेलो.